कागदी नमुना आणि इतिहासलेखन : एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य स्त्रियांच्या बाह्यवस्त्रांच्या पुनर्निर्मितीचा एक अभ्यास

प्रस्तावना

वस्त्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे सामान्यतः तीन प्रकारची साधने असतात. चित्रे व छायाचित्रे, लिखित वर्णने आणि प्रत्यक्ष टिकून राहिलेली वस्त्रे ही ती साधने होत. यांत चौथ्या साधनाची भर घालणे आवश्यक आहे. ते म्हणजे कापड बेतण्यासाठी तयार केलेला कागदी नमुना. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे नमुने छापून वा कापून मोठ्या प्रमाणावर विकले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी काहींचे पुनर्मुद्रण सुरू झाले आणि आज अनेक स्त्रिया, रंगभूमीचे वेशभूषाकार आणि संग्रहालयांतील अभ्यासक या पुनर्मुद्रित नमुन्यांवरून जुन्या काळची वस्त्रे पुन्हा शिवतात. या उद्योगाकडे विद्यापीठीय इतिहासलेखनाने दीर्घकाळ केवळ हौस म्हणून पाहिले. सदर निबंधात या उद्योगाचा विचार साधनचिकित्सेच्या अंगाने केला आहे.

मराठीच्या अभ्यासकाला पोथी आणि छापील प्रत यांतील अंतर नव्याने सांगावे लागत नाही. जुन्या ग्रंथाची छापील आवृत्ती हाती घेतल्यावर संपादकाने कोणती पोथी प्रमाण मानली, कोठे पाठ बदलला, कोठे गाळलेले शब्द स्वतः भरले, हे प्रश्न तो आपोआप विचारतो. पुनर्मुद्रित नमुना हीदेखील एक संपादित आवृत्तीच आहे. तिलाही मूळ पाठ असतो, पाठभेद असतात आणि संपादकाचे हस्तक्षेप असतात. मात्र या आवृत्तीला क्वचितच प्रस्तावना असते, आणि हस्तक्षेप बहुधा मुकाट्याने केलेले असतात. त्या हस्तक्षेपांखाली जे झाकले जाते ते म्हणजे शिवणाऱ्या स्त्रियांचे अलिखित तंत्रज्ञान.

विवेचनासाठी अंगरखे, झगे किंवा आतील वस्त्रे न घेता बाह्यवस्त्रे, म्हणजे घराबाहेर पडताना सर्वांत वर घ्यावयाची वस्त्रे निवडली आहेत. बाह्यवस्त्राला आतील सर्व थर सामावून घ्यावे लागतात. त्यामुळे आतल्या सांगाड्याचा आकार बदलला की बाहेरच्या वस्त्राचा बेत मुळापासून बदलतो, आणि हा बदल कागदावर इतर कोठल्याही वस्त्रापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

नमुना कागदावर येण्यापूर्वी

शिंपीकामाचे आराखडे छापण्याची परंपरा जुनी आहे. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचा ग्रंथ १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाला आणि त्यात स्त्रीपुरुषांच्या वस्त्रांचे तुकडे कापडावर कसे मांडावेत हे दाखवले होते. परंतु त्या आकृत्यांचा रोख कापड वाचवण्यावर होता. त्या पाहून कोणा गृहिणीला वस्त्र शिवता आले असते, असे म्हणता येणार नाही. ते ज्ञान व्यवसायाचे होते आणि व्यवसाय पुरुषांचा होता. फ्रान्समध्ये १६७५ साली शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र व्यवसायसंघ स्थापन करण्याची परवानगी मिळाली आणि स्त्रियांची बहुतेक वस्त्रे शिवण्याचा हक्क त्यांना प्राप्त झाला. दरबारी पोशाखाची घट्ट चोळी मात्र शिंप्यांकडेच राहिली. घोडेस्वारीच्या वेषासारखी जाड लोकरी कापडाची, बेतीव बाह्यवस्त्रेही पुढे दीर्घकाळ पुरुष शिंपीच शिवत. लोकरी कापडाला वाफेच्या इस्त्रीने आकार द्यावा लागतो आणि ही विद्या पुरुषांच्या कोटातून आलेली होती. स्त्रियांच्या बाह्यवस्त्रांत मऊ, लपेटून घेण्याची वस्त्रे आणि कडक, बेतीव वस्त्रे असे जे दोन प्रवाह दिसतात, त्यांच्यामागे व्यवसायातील ही स्त्री-पुरुष विभागणी आहे.

कागदी नमुन्याचा बाजार

१८५० च्या दशकात 'गोडीज लेडीज बुक' या अमेरिकन मासिकात वस्त्रांच्या तुकड्यांच्या लहान आकृत्या येऊ लागल्या. त्या पाहून पूर्ण मापाचा बेत स्वतःच काढावा लागे. एलेन कर्टिस डेमोरेस्ट आणि त्यांचे पती विल्यम जेनिंग्ज डेमोरेस्ट यांनी १८६० मध्ये 'मिरर ऑफ फॅशन्स' हे नियतकालिक काढून पूर्ण मापाच्या पातळ कागदी नमुन्यांचा व्यवसाय वाढवला. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावी एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये एकच नमुना लहानमोठ्या अनेक मापांत विकावयास सुरुवात केली. ही कल्पना त्यांची पत्नी एलेन हिला सुचली अशी आख्यायिका कंपनीने जपली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, आरंभीचे नमुने पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे होते आणि स्त्रियांच्या वस्त्रांचे नमुने १८६६ पासून आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच सुमारास शिवणयंत्र घरोघरी पोहोचू लागले होते. एलायस हाउ यांचे एकस्व १८४६ चे आणि आयझॅक सिंगर यांचे १८५१ चे. नमुना आणि यंत्र या दोहोंनी एकमेकांची बाजारपेठ वाढवली. यंत्रामुळे शिवणकामाचा वेळ वाचला, हे खरेच. परंतु १८७० नंतरच्या बाह्यवस्त्रांवरील झालरी, गोंडे, चुण्या आणि पट्ट्या पाहिल्या म्हणजे वाचलेला वेळ पुन्हा वस्त्रावरच खर्ची पडला, असे दिसते.

त्या काळचा बटरिकचा नमुना आज हाती आला तर तो पाहणाऱ्याला प्रथम गोंधळात टाकतो. त्यावर काहीही छापलेले नसते. पातळ कागदाचे कापलेले तुकडे, कडेला खाचा आणि अंगावर टोचलेली भोके, एवढेच. कोणते भोक टक्सचे, कोणते खिशाचे, कोणते उभ्या धाग्याची दिशा दाखवणारे, हे चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठीवरील चार ओळींवरून ओळखावयाचे. मॅकॉल कंपनीने १९२० च्या सुमारास तुकड्यांवरच रेषा व सूचना छापण्यास आरंभ केला आणि व्होगने तर १९५० च्या दशकापर्यंत टोचलेले कोरे नमुनेच विकले. शिवण्याची सविस्तर, सचित्र सूचनापत्रिका ही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झालेली गोष्ट आहे.

'हार्पर्स बझार' हे साप्ताहिक १८६७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झाले. त्याने बर्लिनच्या 'देर बाझार' या नियतकालिकाकडून नमुन्यांचे मोठे ताव घेतले. एकाच तावावर दहा-पंधरा वस्त्रांचे तुकडे एकमेकांवर छापलेले असत. एकाची रेषा अखंड, दुसऱ्याची ठिपक्यांची, तिसऱ्याची फुल्यांची. वाचक स्त्रीने आपल्याला हवी ती रेषा बोटाने शोधावयाची, दातेरी चाकाने खालच्या कागदावर उतरवावयाची, आणि मग शिवणीसाठी माया स्वतः धरून कापड कापावयाचे. नमुना एकाच मापाचा असे. महाराष्ट्रातील शिवणवर्गातील पेपर कटिंगची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या तावाची जातकुळी ओळखू येईल. मात्र वहीत एका पानावर एकच झबले असते. येथे रेषांचे अरण्य असे.

ज्या नमुन्यात सूचना नाहीत तो नमुना अपुरा होता, असे समजणे चूक आहे. तो पुरेसा होता, कारण घेणारीला उरलेले माहीत होते. अस्तर आणि वरचे कापड एकत्र कच्च्या टाक्यांनी जोडून एकच थर म्हणून शिवावे, मुंढ्याला ताण येऊ नये म्हणून आधी फीत लावावी, मखमलीची लव सर्व तुकड्यांत एकाच दिशेने ठेवावी, या गोष्टी आईकडून, मोठ्या बहिणीकडून किंवा शिवणकाम करणाऱ्या कारागीर स्त्रीकडून शिकलेल्या असत. त्या छापणे म्हणजे पाककृतीत चूल कशी पेटवावी हे छापण्यासारखे झाले असते. इतिहासकाराच्या दृष्टीने हे मौन हाच महत्त्वाचा पुरावा आहे. सूचना वाढत गेल्या याचा एक अर्थ असा की, गृहीत धरता येण्याजोगे ज्ञान घरांतून कमी होत गेले.

नमुन्यांमधून मिळणारी आणखी एक माहिती येथे नोंदवली पाहिजे. संग्रहालयांतील एकोणिसाव्या शतकातील वस्त्रे पाहून त्या काळच्या स्त्रिया फार लहान चणीच्या होत्या, असा समज पसरला आहे. बटरिकच्या 'डेलिनिएटर' या मासिकातील १८८० च्या दशकातील वर्णने पाहिली तर स्त्रियांच्या बाह्यवस्त्रांचे नमुने बहुधा २८ इंचांपासून ४६ इंचांपर्यंतच्या छातीमापात उपलब्ध असल्याचे आढळते. कोणताही व्यापारी न खपणारे माप छापत नाही. लहान मापाची वस्त्रे टिकली, कारण ती उसवून दुसऱ्याला बेतता आली नाहीत. मोठ्या मापाची वस्त्रे पुन्हा कापली गेली. टिकलेल्या वस्तूंवरून काढलेला निष्कर्ष टिकलेल्या कागदाने दुरुस्त होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

शाल, मँटल आणि डोलमन

१८५६ नंतर पोलादी कड्यांचा क्रिनोलिन हा घाघऱ्याखालचा सांगाडा रूढ झाला आणि स्त्रीच्या कमरेखालचा घेर इतका वाढला की, त्यावर अंगाबरोबर बसणारा लांब कोट घालणे जवळजवळ अशक्य झाले. अशा घेरावर शोभते आणि सोयीचे पडते ते त्रिकोणी घडी करून पांघरलेले मोठे वस्त्र, म्हणजे शाल. काश्मिरी शालीची युरोपातील मागणी अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच होती. क्रिनोलिनच्या काळात तिला मोठा पाट मिळाला. फ्रेंच व्यापाऱ्यांचे हस्तक श्रीनगरमध्ये राहून पॅरिसच्या अभिरुचीनुसार नक्षी विणवून घेत. स्कॉटलंडमधील पेझली आणि इंग्लंडमधील नॉरिच येथे मागांवर तिच्या स्वस्त प्रतिकृती निघत, आणि पेझली या गावाचे नाव इंग्रजीत कोयरीला कायमचे चिकटले.

या वैभवाच्या मागची बाजू वस्त्रेतिहासात फारशी येत नाही. १८४६ च्या अमृतसर तहानुसार जम्मू-काश्मीरच्या महाराजांनी ब्रिटिश सरकारला दरवर्षी द्यावयाच्या प्रतीकात्मक नजराण्यात एक घोडा, शालीची लोकर देणाऱ्या बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या होत्या. शालीवर 'दाग शाल' या खात्यामार्फत जबर कर वसूल केला जाई आणि विणकराला धंदा सोडून जाण्याचीही मुभा नसे. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरमधील झालदगर येथे एकत्र आलेल्या विणकरांवर सैन्य घालण्यात आले आणि त्यांत अनेकांचा बळी गेला. लंडन वा बोस्टनच्या रस्त्यावरची शाल आणि झालदगरचा कालवा हे एकाच इतिहासाचे दोन पदर आहेत.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस घाघऱ्याचा घेर पुढून ओसरला आणि मागे साठू लागला. कमरेमागे उंचवटा देणारा बसल नावाचा सांगाडा आला. तो १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत राहिला, मग काही वर्षे ओसरला आणि १८८३ च्या सुमारास अधिकच टोकदार होऊन परत आला. पाठीवर सपाट पसरणारी शाल या उंचवट्यावर नीट बसत नाही. ती त्याला झाकून टाकते. त्यातच १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रेंच बाजार कोसळला. काश्मीरमधील शालीचा निर्यातव्यापार यातून पुन्हा सावरला नाही आणि १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात विणकर कुटुंबांची वाताहत झाली.

शालीची जागा घेतली ती डोलमन या बाह्यवस्त्राने. नाव हंगेरियन घोडदळाच्या डगल्यावरून आलेले. वस्त्र मात्र निराळेच. शाल आणि कोट यांच्या मधोमध त्याचे स्थान आहे. पाठ कोटासारखी अंगाबरोबर बेतलेली, बसलवर मोकळी पडावी म्हणून मागे कमरेखाली उघडी. पुढचे दोन्ही पदर शालीच्या टोकांसारखे खाली लोंबणारे. आणि बाही अशी की ती वेगळी बाही म्हणावी की अंगाचाच पुढे वळलेला भाग, हे ठरवणे कठीण. पाठीच्या कडेच्या तुकड्यातून सुरू होऊन ती खांद्यावरून पुढे येते आणि कोपराखाली झोळीसारखी दुमडते.

काश्मिरी शालींपैकी कितीतरी शाली या काळात कापून त्यांचे डोलमन शिवण्यात आले. आईची वा आजीची महागडी शाल कपाटात पडून होती. ती पांघरणे जुनाट दिसू लागले होते. तिच्यातून नव्या वळणाचे वस्त्र निघत होते. ब्रिटन आणि अमेरिकेतील अनेक संग्रहालयांत असे डोलमन आहेत. ते पाहताना बेतणाऱ्या हाताचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मोठी कोयरी पाठीच्या मध्यावर, किनार पुढच्या उघड्या कडेवर, शालीच्या टोकांचे पट्टे खालच्या घेरावर. असे करताना नमुन्याचे तुकडे उभ्या धाग्यावर ठेवण्याचा नियम बऱ्याचदा मोडावा लागे. कागद काही सांगो, नक्षी वेगळे सांगे, आणि बेतणारी स्त्री नक्षीचे ऐके.

काश्मिरी शालीविषयी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची शाल बहुधा अखंड विणलेली नसे. वेळ वाचवण्यासाठी तिचे तुकडे वेगवेगळ्या मागांवर विणून घेत आणि रफूगर ते इतक्या बारीक टाक्यांनी जोडत की उलट बाजू पाहिल्याशिवाय जोड कळू नये. म्हणजे लंडनच्या शिवणारणीने कात्री चालवली ती एका आधीच शिवलेल्या वस्तूवर. डोलमनच्या आतील बाजूस श्रीनगरच्या रफूगराचा जोड आणि इंग्लंड-अमेरिकेतील स्त्रीची शिवण यांची गाठ पडते. दोघांचीही नावे कोठे नोंदलेली नाहीत.

पुनर्मुद्रण : संपादकाचा हात

विसाव्या शतकात या विषयाला शास्त्रीय वळण लावण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन इंग्रज अभ्यासिकांकडे जाते. नोरा वॉ यांचा 'कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स' हा ग्रंथ १९५४ मध्ये आणि स्त्रियांच्या वस्त्रांच्या बेताविषयीचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. जॅनेट आर्नल्ड (१९३२-१९९८) यांनी संग्रहालयांतील वस्त्रांची इंचाइंचाने मापे घेऊन 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या मालेचा पहिला भाग १९६४ मध्ये सिद्ध केला. आर्नल्ड यांच्या आराखड्यांत कापडाला कोठे जोड दिला आहे, कोठे टाके वाकडे गेले आहेत, कोठे मागाहून सैल केले आहे, हे सारे नोंदलेले असते. चुका न झाकण्याचा हा दंडक चिकित्सक आवृत्तीच्या संपादनशास्त्राशी नाते सांगतो.

बाजारातील पुनर्मुद्रणांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात फोकवेअर ही कंपनी कॅलिफोर्नियात आणि १९७९ मध्ये सॉन्ड्रा अल्टमन यांची पास्ट पॅटर्न्स ही संस्था सुरू झाली. पुढे मोठ्या नमुना-कंपन्यांनीही ऐतिहासिक वेषांच्या मालिका काढल्या. फ्रान्सिस ग्रिम्बल यांनी 'द व्हॉइस ऑफ फॅशन' या शतकाच्या वळणावरील नियतकालिकातील आराखडे ग्रंथरूपाने पुन्हा उपलब्ध केले. या सर्वांचे मोल मोठे आहे, परंतु ते सारखे नाही. मूळ कागदाची जशीच्या तशी प्रत, टिकलेल्या वस्त्रावरून काढलेला आराखडा, आणि जुन्या चित्रावरून आजच्या पद्धतीने रचलेला नवा नमुना, या तिन्ही गोष्टी बाजारात एकाच प्रकारच्या पाकिटात विकल्या जातात. फोकवेअरच्या संग्रहातील किन्सेल क्लोक हे आणखी एक उदाहरण. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातील स्त्रिया वापरत ते हे मोठ्या टोपीचे, भरपूर घेराचे काळे झूल-वस्त्र. ते आईकडून मुलीकडे येई. तेथे कागदाला स्थान नव्हतेच. अशा वस्त्राचा नमुना छापणे म्हणजे मौखिक परंपरेतील ओवी लिहून काढण्यासारखे आहे. तो उपक्रम स्वागतार्ह आहे, परंतु लिहून काढताना एक पाठ प्रमाण होतो आणि बाकीचे मागे पडतात.

प्रत्यक्ष नमुन्यात बदल होतात ते मुख्यतः मुंढ्यात आणि खांद्यात. एकोणिसाव्या शतकातील मुंढा लहान आणि काखेच्या अगदी जवळ असे; खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर नसून मागे पाठीकडे झुकलेली असे; पाठ अरुंद असे. आजच्या स्त्रीला असा मुंढा प्रथम काचतो. म्हणून काही प्रकाशक तो खाली उतरवतात आणि खांद्याची शिवण वर आणतात. वस्त्र सोयीचे होते आणि त्याच क्षणी त्याचे शतक बदलते. याच्या उलट, मापे वाढवताना मूळ प्रमाण जपणारे आणि आत कोणते कॉर्सेट व कोणता बसल गृहीत धरला आहे हे स्पष्ट सांगणारे प्रकाशकही आहेत. बाह्यवस्त्राच्या बाबतीत ही सूचना अत्यावश्यक आहे. आतला सांगाडा न घालता शिवलेला १८८५ चा डोलमन मागे रिकाम्या पिशवीसारखा लोंबतो, आणि शिवणारी दोष नमुन्याला देते.

शिवताना उमगणारे

डोलमनच्या मूळ नमुन्यात वा वर्णनात कमरेच्या एका आतील फितीचा उल्लेख असतो. ही फीत पाठीच्या आत कमरेच्या उंचीवर शिवलेली असते आणि पोटावर बांधली जाते; बाहेरून ती दिसत नाही. अनेक आधुनिक नमुने ती वगळतात, किंवा ऐच्छिक म्हणून सांगतात. पुनर्निर्मिती करणाऱ्याला तिचा अर्थ वस्त्र अंगावर चढवल्यावरच कळतो. लोकर, अस्तर, मधला कापसाचा थर आणि लोकरीच्या वा मण्यांच्या झालरी यांनी जड झालेले पुढचे पदर वस्त्राला पुढे ओढतात. फीत नसेल तर मान आवळली जाते आणि पाठ अंगापासून सुटते. फीत बांधली की सारे वजन कमरेवर उतरते. चित्रात न दिसणारी, संग्रहालयाच्या काचेमागे लपलेली ही दीड हात फीत म्हणजे वजन पेलण्याची एक सोडवलेली समस्या आहे, आणि ती सोडवणाऱ्यांना भाराचे शास्त्र ठाऊक होते.

बाहीची गोष्ट अधिक वादाची आहे. डोलमन घातल्यावर कोपर अंगाजवळ राहतो आणि हात खांद्यापासून वर उचलता येत नाही. यावरून हे वस्त्र स्त्रीला जखडून ठेवण्यासाठीच होते, असा निष्कर्ष काही वेळा काढला जातो. त्यात तथ्यांश आहे. ज्या स्त्रीला बाहेर पडल्यावर हातांनी काही करावे लागत नाही, तिचेच हे वस्त्र, आणि तो वर्गीय प्रतिष्ठेचा उद्घोषही होता. तथापि, त्याच दशकांत त्याच मासिकांतून अल्स्टर या सरळ बाह्यांच्या, प्रवासाच्या मजबूत कोटाचे नमुनेही विकले जात होते. एकाच कपाटात दोन्ही असू शकत. एका वस्त्रावरून एका युगाचा निवाडा देण्याचा मोह नमुन्यांची पूर्ण यादी पाहिली की आवरता येतो.

पुनर्निर्मितीतून काय सिद्ध होऊ शकते याचे संयत उदाहरण म्हणून जेन ऑस्टिन यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या रेशमी पेलिसचा निर्देश करता येईल. पेलिस म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा, उंच कमरेचा लांब कोट. इंग्लंडमधील हॅम्पशायरच्या संग्रहातील हे ओकच्या पानांची नक्षी असलेले वस्त्र १८१२ ते १८१४ या काळातील मानले जाते. वस्त्रेतिहासकार हिलरी डेव्हिडसन यांनी त्याची मापे घेऊन हुबेहूब प्रतिकृती तयार केली आणि त्याविषयीचा लेख २०१५ मध्ये 'कॉस्च्यूम' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रतिकृती अंगावर घालून पाहता आल्याने वस्त्र वापरणारी स्त्री साडेपाच फुटांहून उंच आणि सडपातळ असावी, असे अनुमान त्यांना मांडता आले. नाजूक झालेले मूळ वस्त्र कोणाच्या अंगावर चढवणे शक्य नव्हते. येथे शिवणे ही संशोधनाची पद्धती ठरली. आणि हे वस्त्र ऑस्टिन यांचेच, असा दावा मात्र शिवणीच्या आधारे केला गेला नाही, तो वंशपरंपरेच्या माहितीवरच ठेवला गेला.

हा विवेक हौशी लेखनात नेहमी आढळत नाही. आजच्या देहावर, आजच्या लोकरीने, आजच्या यंत्रावर शिवलेले वस्त्र घालून जे जाणवते तेच त्या काळच्या स्त्रीला जाणवले असेल, असे गृहीत धरता येत नाही. लहानपणापासून कॉर्सेटची सवय असलेल्या शरीराला जे सहज होते ते पहिल्यांदा घालणाऱ्याला त्रासाचे वाटणारच. पुनर्निर्मिती वस्त्राच्या यंत्रणेविषयी विश्वसनीयपणे बोलते. अनुभवाविषयी ती केवळ प्रश्न सुचवते.

नमुन्यांची जपणूक आणि शालीचा प्रश्न

नमुना वापरला की फाटतो आणि न वापरला तर रद्दीत जातो. ग्रंथालयांनी मासिके जपली, त्यांतील नमुन्यांचे ताव मात्र बांधणीच्या वेळी बऱ्याचदा काढून टाकले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठात जॉय स्पॅनाबेल एमरी (१९३६-२०१८) यांच्या परिश्रमातून व्यापारी नमुन्यांचा जो संग्रह उभा राहिला, त्यात आज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे साठ हजारांहून अधिक नमुने संगणकीय रूपात पाहता येतात. एमरी आणि त्यांच्या आधी नमुने गोळा करणाऱ्या बेटी विल्यम्स या दोघीही रंगभूमीच्या वेशभूषेशी संबंधित होत्या. इतिहास विभागांनी ज्या कागदाला साधन मानले नाही, तो कागद नाटकाला कपडे हवे होते म्हणून वाचला. एमरी यांचा नमुना-उद्योगाचा इतिहास २०१४ मध्ये ग्रंथरूपाने आला. असा संग्रह हाताशी असल्याने पुनर्मुद्रित नमुना मुळाशी ताडून पाहणे आता शक्य झाले आहे. प्रकाशकांनी पाकिटावर मूळ साधन, त्याचे वर्ष आणि केलेले बदल एवढ्या तीन गोष्टी छापल्या तरी अभ्यासकाचे निम्मे काम होईल.

डोलमन शिवू पाहणाऱ्यांपुढे एक प्रश्न मात्र संग्रहाने सुटत नाही. जुन्या काश्मिरी आणि पेझली शाली आजही लिलावांत व जुन्या वस्तूंच्या दुकानांत मिळतात. त्यांपैकी ज्या फाटक्या, कसर लागलेल्या असतात त्या स्वस्त असतात. ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरणारा म्हणू शकतो की, १८८० मध्ये शाल कापूनच डोलमन झाला, तेव्हा आजही तसेच करणे हेच प्रामाणिक. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञांना हे मान्य होणे कठीण, आणि त्यांची भूमिका येथे अधिक सयुक्तिक वाटते. १८८० मध्ये शाल ही जुनी पडलेली पण मुबलक वस्तू होती. आज तिचा प्रत्येक तुकडा हा विणकर आणि रफूगर यांच्या कामाचा उरलेला दाखला आहे, आणि फाटक्या शालीच्या उलट बाजूचे जोड तर अभ्यासाला अखंड शालीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

अनुभवी शिवणारणी त्यामुळे वेगळा मार्ग धरतात. डोलमनचा पहिला बेत त्या स्वस्त सुती कापडावर काढतात. अमेरिकेत या चाचणीच्या वस्त्राला मलमलीसाठीचा 'मस्लिन' हाच शब्द रूढ आहे. भारतीय विणकरांच्या हातची ही दुसरी खूण. त्यावर मुंढा, बाहीचे वळण आणि कमरेची फीत पक्की झाली की कोयरीची नक्षी विणलेले वा छापलेले नवे लोकरी कापड घेतात, जुनी शाल शेजारी अंथरतात आणि तिच्यावर कागदाचे तुकडे नुसते ठेवून पाहतात. पाठीवर कोयरी कोठे येते, किनार पुढच्या पदराला किती पुरते, हे टाचणी न लावता ताडून घेतले जाते आणि त्या खुणा नव्या कापडावर उतरवल्या जातात. मग शाल पुन्हा घडी घालून ठेवतात.